तीन की पाच? वेटसूटची जाडी पाण्यावरून कशी ठरवावी

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: "जानेवारीत अंदमानला स्वराज द्वीपवर ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, पूर्ण केला. ऑगस्टमध्ये बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर मोला (भलामोठा चपटा सनफिश) बघायला जातोय. पुढे बहिणीकडे मेलबर्नला जाणं होईल, तिथेही डाइव्ह करायची आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात जलतरण तलावात सराव करताना मला फार थंडी वाजली होती. आता स्वतःचा वेटसूट घ्यायचा, तर सरळ ५ मिलिमीटरचा घेऊन टाकू का, म्हणजे सगळीकडे चालेल?"

वेटसूट म्हणजे पाण्याखाली ऊब धरणारा रबरी पोशाख, आणि सगळीकडे चालेल असा सूट नसतो. तुम्ही ३ मिलिमीटरचा, पूर्ण हातापायांचा आणि अंगाला नीट बसणारा सूट घ्या. त्याच्या जोडीला हुडेड वेस्ट घ्या, म्हणजे टोपी जोडलेलं पातळ रबरी बनियन. नुसा पेनिडाला ५ मिमी आणि मेलबर्नला त्याहून जाड सूट भाड्याने घ्या. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण जाडीचा आकडा पाठ करण्यापेक्षा तो कुठून येतो हे कळलं तर पुढच्या प्रत्येक सहलीला तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी पुण्याच्या तलावाची भीती मनातून काढून टाका. न तापवलेल्या तलावाचं पाणी पुण्याच्या डिसेंबरात अंदमानच्या समुद्रापेक्षा सहज पाच-सहा अंशांनी थंड असतं. त्यात सरावाच्या वेळी तुम्ही उथळ पाण्यात गुडघे टेकून बसता, मास्कमध्ये पाणी भरता, काढता, दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत वाट बघता. हालचाल जवळजवळ नाही आणि वेळ दीड-दोन तास. तिथे कोणीही काकडेल. त्यावरून "मला थंडी जास्त वाजते" असा निष्कर्ष काढू नका. अंदमानच्या डाइव्हमध्ये, तेही तिसऱ्या डाइव्हच्या शेवटी, कसं वाटलं होतं ते आठवा. तो अनुभव जास्त खरा.

आता उलट बाजू. अंदमानचं, मालवणचं, लक्षद्वीपचं पाणी बहुतेक काळ २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, आणि हाताला ते कोमट लागतं. म्हणून "आपल्याकडे सूट कशाला" असं बरेच जण म्हणतात. पण उघड्या अंगाने, स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या शरीरातली उष्णता टिकून राहायची असेल, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. त्याच्या खालचं कुठलंही पाणी तुमच्याकडून ऊब घेतच असतं. हवेच्या तुलनेत पाणी उष्णता साधारण २५ पट वेगाने वाहून नेतं. २८ अंशांच्या हवेत आपण पंखा लावतो, तर २८ अंशांच्या पाण्यात तासाभराने दात वाजू लागतात. मालवणला पर्यटकांना पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली नेतात, तेवढ्यासाठी टी-शर्टवरही भागतं. पंचेचाळीस मिनिटांच्या दोन-तीन डाइव्ह एका दिवसात करायच्या असतील तर ३ मिमीचा फुल सूट हवा, आणि तो चैनीची वस्तू समजू नका. हात-पाय झाकलेले असले की जेलीफिशचे तंतू आणि खडकावरच्या धारदार शिंपल्यांपासूनही बचाव होतो. शॉर्टीपेक्षा, म्हणजे आखूड हातापायांच्या सूटपेक्षा, मी फुल सूट सुचवतो त्याचं अर्धं कारण हेच.

सूट ऊब कशी धरतो याबद्दल एक गैरसमज अगदी प्रशिक्षकांच्या तोंडीही ऐकू येतो: आत शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने गरम होतं आणि ते आपल्याला गरम ठेवतं. पाणी कोणाला गरम ठेवत नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकी नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठी पोशाखाचा विचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं की माणूस कोरडा राहण्याची गरजच नाही, कापडात वायू अडकवला की पुरे. म्हणून निओप्रीनचा फेस वापरला गेला. या रबरात नायट्रोजनचे असंख्य बंद बुडबुडे असतात आणि उष्णता अडवण्याचं काम तेच करतात. आतल्या पाण्याचं काम एकच: जागचं हलू नये. ते एकदा गरम झालं आणि तिथेच राहिलं तर खर्च एकदाच. मानेतून आत आणि पाठीतून बाहेर असं फिरत राहिलं तर प्रत्येक वेळी तुम्ही नवं पाणी तापवताय. म्हणजे सूटची जाडी हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा सूट अंगाला किती नीट बसतो यावर आहे, आणि दुकानात त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

बुडबुड्यांवर काम चालतं म्हटल्यावर दाबाचा प्रश्न येतोच. कोर्समध्ये शिकलात: १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. हा दाब सूटमधल्या बुडबुड्यांवरही पडतो. रबर स्वतः फारसं दबत नाही, वायू दबतो. त्यामुळे ३० मीटरवर सूटची ऊब धरण्याची ताकद साधारण निम्मी होते. दुकानात ५ मिमी म्हणून घेतलेला सूट तिथे खूपच पातळ सूटसारखा वागतो, आणि नेमकं तिथेच खाली पाणीही थंड असतं. म्हणून "पाणी किती अंश" या प्रश्नाला "किती खोलीवर" हा दुसरा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर नाही. ८-१० मीटरवरच्या प्रवाळात रमणाऱ्याचा सूट वेगळा, २८ मीटरवर जहाजाचा सांगाडा बघणाऱ्याचा वेगळा, पाणी एकच असलं तरी.

आता आकडे. हे सुरुवातीचे अंदाज म्हणून घ्या, त्यात पुढे सांगतो त्याप्रमाणे फेरफार करायचा. पाणी २९-३० अंशांच्या वर असेल तर लायक्रा (पातळ, ताणणाऱ्या कापडाचा सूट) किंवा १ मिमी पुरतो. २६ ते २९ म्हणजे ३ मिमी फुल. २२ ते २६ मध्ये ५ मिमी. १८ ते २२ मध्ये ५ मिमीच्या आत हुडेड वेस्ट, किंवा ७ मिमी. १२ ते १८ मध्ये ७ मिमीचा सेमी-ड्राय, म्हणजे मनगट, घोटा आणि मान यांना घट्ट सील असलेला सूट, शिवाय हुड, ग्लव्ह्ज आणि जाड बूट. त्याच्या खाली ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं, तिथे डाइव्हसाठी वेटसूटचा विचारच करायचा नाही, ड्रायसूट वापरायची सवय आधी करूनच जायचं. आणि दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: फुजैराला उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जातं आणि हिवाळ्यात २२-२३ वर येतं. एकाच किनाऱ्यावर ऑगस्टात लायक्रा आणि फेब्रुवारीत ५ मिमी.

आपल्या पश्चिम किनाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे तापमानाचे तक्ते फसवतात. मालवण, गोव्याचं ग्रांद बेट, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी: डाइव्हिंगचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. जानेवारीत पाणी २७ च्या आसपास, मे महिन्यात ३० पर्यंत. पण पावसाळ्यात या किनाऱ्यावर खोलातलं थंड पाणी वर सरकतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते अजून फार खाली गेलेलं नसतं. वरच्या थरात २८ अंश, आणि काही मीटर खाली गेल्यावर अचानक गारठा. या दोन थरांच्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. ती डोळ्यांनाही दिसते, पाणी तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखं थरथरतं. त्या सुमारास नेत्राणीला जाणाऱ्याला मी ३ मिमीवर हुडेड वेस्ट घ्यायला सांगतो. डिसेंबरात त्याच जागी नुसता ३ मिमी पुरतो. पृष्ठभागाचं तापमान उपग्रह मोजतो आणि ते इंटरनेटवर मिळतं. तुम्ही मात्र पृष्ठभागावर डाइव्ह करत नाही.

नुसा पेनिडा हे याच गोष्टीचं टोकाचं उदाहरण आहे. बाली आणि लोंबोक यांच्या मधल्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंद महासागराकडे वाहतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेच्या वाऱ्यांमुळे तिथे खोलातलं थंड पाणी वर येतं, आणि त्या थंड पाण्यासोबतच मोला लहान माशांकडून अंगावरच्या परजीवींची साफसफाई करून घ्यायला उथळ खडकांकडे येतो. म्हणजे तुम्हाला मासा हवा असेल तर थंडी हवीच. बालीच्या उत्तरेला तुलांबेनला त्याच दिवशी २७ अंश असताना, नुसा पेनिडाच्या क्रिस्टल बेमध्ये २० मीटरच्या खाली २० अंश, कधी १८, कधी त्याहूनही कमी. उतरताना लोक सुखाने उतरतात, आणि थर्मोक्लाइन ओलांडताना चेहऱ्यावर बर्फाचं पाणी मारल्यासारखा श्वास अडखळतो. त्या क्षणी थांबा, दोरी किंवा खडक नजरेत ठेवा, दोन-तीन संथ श्वास घ्या, मग पुढे. तिथे ५ मिमी, आत हुडेड वेस्ट आणि जाड बूट, हा पोशाख. ३ मिमीवर जाऊन "एक डाइव्ह तर आहे" म्हणणारे वीस मिनिटांत वर येतात आणि मोला एकविसाव्या मिनिटाला दिसतो.

जाता जाता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण सांगायलाच हवी. ओपन वॉटरच्या प्रमाणपत्रावर मर्यादा १८ मीटरची आहे. मोला बऱ्याचदा त्याहून खाली असतो, आणि क्रिस्टल बेच्या कोपऱ्यावर खाली ओढणारे प्रवाह येतात. ऑगस्टच्या आधी अॅडव्हान्स्ड कोर्स करा, प्रवाहात काही डाइव्ह करा. जाड सूट घालून, अनोळखी वजनं लावून, थंडीत, प्रवाहात, पहिल्यांदाच असं सगळं एका दिवशी जमवू नका.

वजनांचा उल्लेख आलाच, तर तेही समजून घ्या. सूट जितका जाड तितका तो तुम्हाला वर ढकलतो आणि तितकं शिसं जास्त लागतं. ३ मिमीवर तुम्हाला जितकं वजन लागतं त्यात ५ मिमी आणि वेस्ट घातल्यावर दोन-तीन किलोंची भर पडू शकते. नेमका आकडा तुमच्या शरीरावर आणि सूटच्या वयावर ठरतो, म्हणून तो कोणाकडून विचारून घेऊ नका, पाण्यात तपासा. सिलिंडर भरलेला असताना, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) रिकामी करून, नेहमीइतका श्वास छातीत धरल्यावर पाण्याची रेषा डोळ्यांशी यावी आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. त्यावर साधारण दोन किलो वाढवा, कारण ११ लिटरच्या सिलिंडरमधून २०० बारवरून ५० बारपर्यंत येताना तुम्ही सुमारे १६५० लिटर हवा वापरता आणि तिचं वजन दोन किलोंच्या घरात असतं. तेवढ्याने शेवटी तुम्ही हलके होता आणि नेमका सेफ्टी स्टॉपच्या, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याच्या, वेळी वर तरंगायला लागता. खाली ३० मीटरवर मात्र तोच जाड सूट दबून चपटा झालेला असतो, त्याची वर ढकलण्याची ताकद गेलेली असते आणि शिसं तेवढंच असतं. ती तूट बीसीडीत हवा भरून काढावी लागते. जो ३ मिमीवर वर्षभर छान तरंगतो तो ७ मिमीवर पहिल्या दिवशी गोंधळतो, त्याचं कारण हेच. म्हणून गरजेपेक्षा जाड सूट म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. मालवणच्या एप्रिलच्या उन्हात ५ मिमी चढवून होडीत अर्धा तास बसलेला माणूस पाण्यात उतरण्याआधीच घामाघूम होऊन थकलेला असतो.

आकड्यांमध्ये फेरफार कोणासाठी करायचा? सडपातळ, उंच माणूस लवकर गारठतो. मुलं तर फारच लवकर, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अंदमानातही मी ३ मिमीच्या खाली पाठवणार नाही आणि ओठ निळसर दिसले की वेळ न बघता वर आणेन. फोटोग्राफर एका गोगलगाईपाशी वीस मिनिटं पडून राहतो, त्याला एक पायरी जाड सूट द्या. रात्रभर प्रवास करून, नाश्ता न करता आलेल्यालाही द्या. आणि दिवसाची कितवी डाइव्ह हे विसरू नका. पहिल्या डाइव्हमध्ये गमावलेली ऊब तासाभराच्या विश्रांतीत पूर्ण भरून येत नाही, विशेषतः ओला सूट अंगावर ठेवून वाऱ्यात बसलात तर. होडीवर वाऱ्याचं जॅकेट किंवा जाड टॉवेल आणि थर्मासमध्ये गरम चहा ठेवला, तर एक मिलिमीटर कमी सूटवर तुमचं भागतं.

थंडीला "जरा सहन करू" म्हणून सोडून देऊ नका, कारण तिचा परिणाम आरामापुरता नसतो. अंग थरथरायला लागलं की ऑक्सिजन जास्त जळतो, हवा भराभर संपते. बोटं बधिर झाली की बकल उघडत नाही, बीसीडीत हवा भरायच्या इन्फ्लेटरचं बटण लागत नाही. शरीर थंड असताना हातापायांकडचा रक्तप्रवाह कमी होतो, आणि डाइव्हच्या शेवटी, वर येताना, नायट्रोजन बाहेर पडण्याच्या नेमक्या वेळी तसं झालं तर डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याच्या विकाराचा, धोका वाढतो. बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर फक्त खोली आणि वेळ मोजतात, तुम्ही कुडकुडताय हे त्यांच्या हिशेबात नसतं. म्हणून थंड पाण्यात मर्यादेच्या बऱ्याच आधी वर निघा, आणि वर आल्या आल्या कढत पाण्याने अंघोळ करू नका. थंड पाण्यात लघवीही जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. डाइव्हच्या मध्ये पाणी पीत राहा.

हुडबद्दल आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे लोक तो घालायला लाजतात. शरीरातली बहुतेक उष्णता डोक्यातून जाते हे खरं नाही, डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा. पण सूट घातल्यावर उघडं राहतं ते डोकं आणि मानच, आणि सूटमध्ये पाणी शिरण्याची मोठी वाट मानेचीच. हुडेड वेस्ट या दोन्ही जागा एकदम बंद करतं आणि छाती-पाठीवर आणखी दोन मिलिमीटर चढवतं. ते सूटकेसमध्ये फारशी जागा घेत नाही. ३ मिमीचा सूट आणि असं वेस्ट यांच्यावर भारताभोवतीच्या बहुतेक समुद्रात हंगामभर डाइव्ह करता येते. म्हणून पहिली खरेदी ही.

सूट निवडताना आरशात बघू नका, हात वर करा. पाठीच्या खोलगट भागात, काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागे पोकळी राहिली की तिथे पाणी साठणार आणि प्रत्येक हालचालीला बाहेर पंप होणार. वाकून बघा, उकिडवं बसून बघा, दहा मिनिटं अंगात ठेवा. पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. गळा घट्ट हवा, पण आवळणारा नको. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर सतत दाब आला की नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. बाहेरून येणारे तयार सूट बऱ्याचदा आपल्याला बाह्यांत लांब आणि पोटावर घट्ट होतात. अशा वेळी मोठा साइज घेऊन पाठीत पोकळी ठेवण्यापेक्षा मापं देऊन शिवून घ्या. स्त्रियांनी स्त्रियांच्याच मापाचा सूट घ्यावा, पुरुषांचा लहान साइज कंबरेत आणि छातीत कधीच बसत नाही. घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पाय सर्रकन जातो आणि नखांनी रबर फाटत नाही. शिवणीही बघा: उबदार पाण्याच्या सूटची शिवण आरपार असली तरी चालते, पण ५ मिमीच्या पुढे ती आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीत शिवलेली हवी, नाहीतर टाक्यांच्या भोकांतून पाणी येत राहतं.

भाड्याच्या सूटवर लिहिलेल्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. शेकडो डाइव्ह झालेल्या सूटमधले बुडबुडे फुटलेले, दबलेले असतात. चिमटीत धरून बघा: नवा रबर फुगीर लागतो आणि सोडल्यावर परत वर येतो, म्हातारा सूट दबलेल्या जुन्या गोधडीसारखा लागतो. असा ५ मिमी हातात आला तर त्याला ३ समजा आणि आत वेस्ट घाला. स्वतःचा सूट प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत, जाड हँगरवर वाळवा. घडी घालून पेटीत ठेवला की घडीच्या रेषेवर रबर कायमचं मरतं.

मेलबर्नचं वेगळं. पोर्ट फिलिप उपसागरात उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत, पाणी २० अंशांच्या आसपास, आणि हिवाळ्यात १० ते १२. तिथल्या धक्क्यांखाली वीडी सीड्रॅगन (समुद्रघोड्याच्या कुळातला मासा) दिसतात, उथळ पाण्यात आणि संथ, म्हणून डाइव्ह तासाभराची होते आणि हालचाल कमी. उन्हाळ्यात गेलात तर ७ मिमी, हुड आणि ग्लव्ह्ज भाड्याने घ्या. जुलैत जाणार असाल तर आधी ड्रायसूटचा कोर्स करा, कारण ड्रायसूटमध्ये सूटच्या आतली हवाही सांभाळावी लागते आणि ते पहिल्याच दिवशी जमत नाही. वर्षातून एकदा लागणारा ७ मिमी पुण्याच्या कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

नुसा पेनिडाच्या डाइव्ह सेंटरला आत्ताच लिहा. उंची, वजन, छाती आणि कंबर सेंटिमीटरमध्ये कळवा, बुटांचा साइज द्या आणि ५ मिमी तुमच्या नावाने बाजूला ठेवायला सांगा, कारण ऑगस्टात नेमके मधले साइज आधी संपतात. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारा, पण "पाणी कसं आहे" असं विचारू नका. "गेल्या तीन दिवसांत २० मीटरवर कॉम्प्युटरने किती अंश दाखवले" असं विचारा. आकडा १९ च्या खाली असेल तर हुडेड वेस्टबरोबर ग्लव्ह्जही न्या.